घोड नदीकाठच्या दोन सकाळी

महाळुंगे पडवळ हे नाव ज्यांच्या कानी आले असेल, त्यांच्या कानी ते बहुधा एकाच कारणाने आले असेल. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील या लहानशा गावी १९०८ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईस परदेशी कापडाची मोटारलॉरी अडविताना तिच्या चाकांखाली त्यांनी आपला देह ठेवला. गावाच्या पश्चिमेस डिंभे येथे घोड नदीवर जे धरण आहे, त्याच्या जलाशयासही त्यांचेच नाव दिलेले आहे. अशा गावी एखादा सुखवस्तू मनुष्य केवळ पाखरांची छायाचित्रे काढण्याकरिता जातो, हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु त्या गावाने मला जे शिकविले ते या संकोचामुळे सांगितल्यावाचून राहावे, हेही बरे नव्हे.

आमच्या घरी माझ्या या छंदाची फारशी प्रतिष्ठा नाही. वडिलांच्या कपाटात डॉ. सालिम अली यांच्या, १९४१ साली प्रथम निघालेल्या, भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाची एक जुनी प्रत होती. तिची चित्रे पाहतापाहता मला हे वेड लागले. मोर, पोपट, खंड्या यांची छायाचित्रे घरच्या मंडळींस आवडतात. परंतु माझा जीव जडला तो पाण्याकाठच्या चिखलात तुरुतुरु धावणाऱ्या मातकट, चिमुकल्या पाखरांवर. "अरे, ह्यात पाखरू कोठे आहे? मला तर नुसता चिखल दिसतो," असे आमच्या काकूंनी एकदा माझे एक छायाचित्र हाती घेऊन म्हटले, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पाखरू होते, पण ते एखाद्या खड्याएवढे उमटले होते. जवळ जाता आल्याखेरीज काकूंस पाखरू दिसणार नाही, हे मला त्या दिवशी उमगले.

महाळुंगे पडवळ येथे माझ्या वडिलांचे एक जुने विद्यार्थी राहतात. घरात व गावात सारे त्यांना अण्णा म्हणतात. "थंडीत नदीला पुष्कळ बारकी पाखरं उतरतात, भाऊसाहेब, एकदा येऊन बघा," असा त्यांचा आग्रह पुष्कळ दिवस चालला होता. अखेर एका डिसेंबरात मी निघालो. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर ही गावे मागे टाकीत गेले म्हणजे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात, आणि रस्त्याच्या दोहो बाजूंस बटाट्याची, कांद्याची व उसाची हिरवीगार शेते लागतात. अण्णांच्या अंगणात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या मातोश्रींनी पिठलेभाकरी वाढता वाढता माझ्या कॅमेऱ्याच्या लांबलचक भिंगाकडे पाहिले आणि विचारले, "एवढी तोफ कशापायी रं बाबा?" पाखरांसाठी, असे मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त आणखी एक भाकरी माझ्या ताटात घातली.

पहाटे अंधारातच नदीवर जाऊन बसावे हा माझा बेत अण्णांनी मोडून काढला. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आता नित्याचा झाला आहे, आणि अंधारात वाकलेला किंवा बसलेला मनुष्य बिबट्यास माणसासारखा दिसत नाही. म्हणून चांगले फटफटल्यावर, हाती काठी व बॅटरी घेऊन, अण्णा स्वतः मला नदीपर्यंत सोडावयास आले.

घोड नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहत जाते व पुढे भीमेस मिळते. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना ढापे बसवून पाणी अडवितात. त्या पाण्याची पातळी जसजशी उतरते तसतशी काठाशी ओल्या गाळाची एक चिंचोळी पट्टी उघडी पडते. हीच या पाखरांची पंगत. मी पोचलो तेव्हा पंगत बसलेली होती. शेपटीकडचा भाग सारखा खालीवर हालविणारी एक तुतारी दगडादगडावरून फिरत होती. दोन धोबी होते. लांब तांबड्या पायांचा एक शेकाट्या गुडघाभर पाण्यात उभा होता. आणि त्यांच्या पलीकडे, नीट पाहिल्यावाचून दिसू नयेत असे, पाचसहा टिलवे चिखलात चोची खुपसीत पुढे पुढे सरकत होते.

मी हळूहळू, एकेक पाऊल मोजीत पुढे निघालो. चाळीस पावलांवर टिलव्यांनी खाणे थांबविले. तीस पावलांवर त्यांनी अंगे चोरून माना ताठ केल्या. आणखी दोन पावले टाकतो तोच सारा थवा किरकिरत उडाला आणि पार पलीकडच्या तीरास जाऊन उतरला. दिवसभरात हाच प्रकार चार वेळा झाला. संध्याकाळी माझ्याजवळ पाठमोऱ्या पाखरांची साठ-सत्तर छायाचित्रे होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंची आठवण झाली. पाखरांच्या छायाचित्रणाचा पाया घालणाऱ्यांत या दोघांची गणना होते. चेरी कीर्टनने १८९२ साली अंडी असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले, त्यापासून त्यांच्या उद्योगास आरंभ झाला. पाखरे माणसास भितात, परंतु गुरांस भीत नाहीत, हे पाहून त्यांनी १९०० सालच्या सुमारास बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला, आणि रिचर्ड त्या बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह उभा राहू लागला. हे सकाळी मी अण्णांना सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. "आमच्याकडे पोळ्याला असला बैल आणला, तर गावातली पोरंच त्याला पळवून लावतील!" परंतु हसणे ओसरल्यावर ते जे बोलले ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. "भाऊसाहेब, तुम्ही त्यांच्याकडं चालत जाता ना, तिथंच चुकतंय. ती ज्या वाटेनं चरत येतात, त्या वाटेवर तुम्ही आधी जाऊन पडा."

मी तसेच केले. चरणारी पाखरे काठाकाठाने कोणत्या बाजूस सरकतात ते मी लांबून अर्धा तास पाहिले. मग त्यांच्या पुढे पुष्कळ अंतरावर, वळसा घेऊन, पाण्याच्या कडेस एक जुने पोते अंथरले आणि त्यावर पालथा पडलो. कॅमेरा टेकण्यासाठी ज्वारी भरलेली कापडी पिशवी होती. नदी पूर्ववाहिनी असल्यामुळे सकाळचे ऊन पाठीवर घ्यावयाचे तर तोंड उगमाकडे करावे लागते; तसे केले की पाखरांच्या अंगावर समोरून प्रकाश पडतो व डोळ्यात सूर्याचा एक बारीकसा ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर छायाचित्रातले पाखरू कितीही रेखीव असले तरी पेंढा भरल्यासारखे निर्जीव दिसते.

पालथे पडण्याचा दुसरा लाभ मला तेथेच कळला. उभ्याने किंवा बसून घेतलेल्या छायाचित्रात पाखराची पाठ व त्याच्या मागचा चिखल एक होऊन जातात. भिंग जमिनीपासून वीतभर उंचीवर आणले की पाखराच्या मागची जमीन दूर सरते, पुसट होते, आणि त्यातून ते इवलेसे शरीर स्वच्छ वेगळे निघते. काकूंस पाखरू न दिसण्याचे कारण केवळ अंतर नव्हते. मी त्याच्याकडे वरून पाहत होतो, हेही होते.

सूर्य वर आला. सकाळच्या पहिल्या तासाचे ऊन तिरपे व पिवळसर असते. ते पिसांच्या कडांवरून घसरत जाते आणि प्रत्येक पीस वेगळे दाखविते. शिवाय ओला गाळ आरशासारखा असतो. आकाशाचा उजेड तो खालून पाखराच्या पोटावर परत फेकतो, म्हणून पोटाखाली काळी सावली पडत नाही. कृत्रिम प्रकाशाने हे काम इतके सौम्यपणे साधत नाही. आणि साधत असते तरी एवढ्याशा जिवाच्या डोळ्यावर वीज चमकवावी असे मला वाटले नसते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. मातकट पाठीकडे पाहून प्रकाशाचे मोजमाप केले तर पांढरे पोट जळून जाते. म्हणून माप पोटाचे घ्यावे आणि पाठ थोडी काळोखी राहिली तर राहू द्यावी. तसेच ही पाखरे क्षणभरही स्थिर नसतात. सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहिला, तर चोच हमखास हालते.

अर्धा तास गेला. कोपरे बधिर झाली, पोत्यातून गारवा पोटापर्यंत चढला. टिलवे काठाने चरत चरत येत होते, मध्येच थबकत होते. एकदा मी मान किंचित वळविली, तर सर्वांची चोच थांबली; मी श्वास रोखून पडून राहिलो, तेव्हा ती पुन्हा चालू लागली. त्यांचे खाणे चालू आहे तोवर आपण त्यांस धोका वाटत नाही. खाणे थांबले की आपण एक पाऊल अधिक टाकले आहे असे समजावे. ही खूण मी तेव्हापासून कधी विसरलो नाही.

आणि मग त्यातला एक टिलवा, इतरांना मागे टाकून, सरळ माझ्या दिशेने आला. वीस फूट, पंधरा फूट, दहा फूट. त्याचे पाय पिवळसर होते. म्हणजे हा टेमिंकचा टिलवा. डच पक्षिशास्त्रज्ञ टेमिंक यांचे नाव धारण करणारे हे पाखरू चिमणीहून फारसे मोठे नसते. वजन दोन-अडीच तोळे भरले तर भरेल. उत्तर युरोप व सैबेरियाच्या अगदी उत्तरेस, जेथे उन्हाळ्यात रात्र जवळजवळ होतच नाही, तेथे ते अंड्यातून बाहेर पडते, आणि हिवाळा आला की हजारो कोस उडून आमच्या या नदीच्या गाळातले किडे वेचण्यास येते. पुढे तर ते इतके जवळ आले की भिंगाला त्याच्यावर नजर ठरविता येईना. मी बोट उचलले व नुसता पाहत राहिलो. त्याच्या चोचीच्या टोकाला चिखलाचा एक थेंब होता. माझ्या कोपराजवळून ते चरत चरत निघून गेले. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

त्या दिवशीचे एक छायाचित्र आता आमच्या माजघरात टांगलेले आहे.

येथेच थांबलो असतो तर ही एका यशस्वी सहलीची हकीकत झाली असती. परंतु यशाने मनुष्य धीट होतो, आणि धीटपणा व उद्धटपणा यांची शीव फार पुसट असते. पुढच्या एप्रिलात मी पुन्हा महाळुंग्यास गेलो. टिलवे तोवर उत्तरेकडे निघून गेले होते. मला हवा होता तो कंठेरी चिखल्या: पांढऱ्या गळ्याभोवती काळा पट्टा आणि डोळ्याभोवती सोन्याच्या तारेसारखे पिवळे कडे असलेला. या जातीची काही पाखरे हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणी येतात, परंतु काही आमच्या इकडेच बारमाही राहतात. ही एतद्देशीय पाखरे किंचित लहान असून त्यांच्या डोळ्याचे कडे अधिक ठळक असते. 'द बर्ड्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात लिहिणाऱ्या जर्डनचे नाव त्यांस दिलेले आहे. उन्हाळ्यात नदी आटून गोटे उघडे पडले म्हणजे त्या गोट्यांतच ती अंडी घालतात. घरटे म्हणावे असे काही नसते. वाळूत उरोभागाने केलेली एक उथळ खळगी, एवढेच.

सकाळी आठच्या सुमारास गोट्यांवरून जात असताना एक चिखल्या माझ्यापुढे धावू लागला. एक पंख मोडल्यासारखा फरफटत, शेपटी पसरून, मध्येच लोळण घेत तो मला दूर दूर नेऊ लागला. हे सोंग मी पुस्तकांत वाचले होते. अंडी जवळ असली म्हणजे ही पाखरे आपणच जखमी असल्याचे भासवून शत्रूस आपल्यामागे ओढतात. त्याच वेळी मला परत फिरावयास हवे होते. परंतु मी मनात म्हटले, आता अंडी कोठे आहेत ते कळले! पाऊल जपून टाकीत मी मागे आलो आणि पाहिले. चार अंडी, टोके आत करून मांडलेली, वाळूच्या रंगाची, वर काळसर शिंतोडे. दृष्टी एकदा काढून घेतली की पुन्हा ती सापडू नयेत, इतकी ती गोट्यांत मिसळून गेली होती. वीस फुटांवर मी पोते अंथरले व डिसेंबरात पडलो होतो तसाच पडून राहिलो. तेव्हा टिलवा आला, तसा आताही चिखल्या येईलच. डिसेंबरातला न्याय येथेही लागू पडेल, अशी माझी समजूत होती.

चिखल्या आला नाही. तो पाण्याच्या कडेने धावे, थांबे, मान झटकन वरखाली करी, आणि "पिऊ, पिऊ" असा उतरता सूर काढी. काही वेळाने त्याची मादीही आली. दोघे मिळून माझ्याभोवती अर्धवर्तुळात फिरत राहिली. आणखी पाच मिनिटे, असे मी म्हटले. ती सरल्यावर आणखी पाच मिनिटे म्हटले. ऊन चढत होते. डिसेंबरातले मऊ, पिवळे ऊन ते हे नव्हे. एप्रिलातले ऊन नऊ वाजताच पांढरे होते. गोट्यांवर हात ठेववेना. हवा थरथरू लागली होती. जो प्रकाश उत्तम पडावा म्हणून मी सूर्याकडे पाठ करून पडलो होतो, तोच त्या चार अंड्यांवर उघडा पडत होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. मादी पाण्यात उतरली, पोट भिजवून वर आली, चार पावले धावली, आणि मला पाहून थबकली. पोटाचे पाणी गोट्यावर ठिबकले व वाळून गेले. हे मी भिंगातून पाहिले. इतकेच नव्हे, तर त्याचे छायाचित्रही घेतले.

मागून काठीचा आवाज आला. अण्णांच्या मातोश्री शेळ्या घेऊन नदीला आल्या होत्या. त्या काठावरच उभ्या राहिल्या. पात्रात उतरल्या नाहीत.

"किती येळ झाला रं बाबा, हितं पडून?"

"तासभर झाला असेल, आजी."

"आन् ती मघापासनं वरडतीया, ती कशापायी?"

मी उत्तर दिले नाही.

"अंडी उकडतील की तिची. ऊठ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ऊन लागले तर मूल आत घ्यावे, इतक्या साधेपणाने त्या बोलल्या. मी उठलो, पोते गुंडाळले, आणि आलो त्याच पावलांवरून काठावर चढलो. काठ चढून आम्ही बाभळीच्या सावलीत जातो न जातो तोच मादी धावत निघाली. दुर्बिणीतून मी पाहिले. ती अंड्यांवर बसली नाही. पाय ताठ करून, पंख किंचित सैल सोडून, त्यांच्यावर उभी राहिली. अंगाची सावली पाडून व ओल्या पोटाचा गारवा देऊन अंडी वाचविण्याची ही रीत टिटवीमध्ये व चिखल्यांच्या कुळात अभ्यासकांनी पाहिलेली आहे. उन्हाळ्यात या पाखरांचे काम अंडी उबविण्याचे कमी आणि निवविण्याचे अधिक असते. मी तासभर त्यांचे ते काम बंद पाडले होते.

पाण्याकाठच्या पाखराने समुद्रावर मात केल्याची पंचतंत्रातली गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. समुद्राने गर्वाने टिटवीची अंडी ओढून नेली, आणि अखेरीस त्यास ती परत करावी लागली. यावरून टिटवीदेखील समुद्र आटविते अशी म्हणही पडली. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी टिटवीच्या बाजूस असतो. मीही पुतण्यांना ती तशीच सांगत आलो. त्या बाभळीखाली उभे असताना प्रथमच मला वाटले की, त्या गोष्टीत मी समुद्र होतो. आणि समुद्राला तरी निदान अंडी न्यावयाची होती, मला तर केवळ पाहावयाची होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांची अंडी उचलणे वा नष्ट करणे हा अपराध ठरविला आहे. मी अंड्यास बोटही लावले नव्हते. तथापि बोट न लावता, केवळ उन्हात आडवा पडून, अंडी नष्ट करता येतात हे मला ठाऊक असावयास हवे होते. डिसेंबरातला टिलवा मोकळा होता. त्यास माझ्याजवळ यावयाचे नसते तर सारी नदी त्याला पडली होती. एप्रिलातल्या चिखल्यास त्या वीतभर खळगीवाचून दुसरी जागाच नव्हती. पहिल्याच्या वाटेवर पडून राहणे ही वाट पाहणे होते. दुसऱ्याच्या दारात पडून राहणे हा दारातला धरणेकरी होणे होते. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात, म्हणूनच मी फसलो.

दोन आठवड्यांनी पुण्याहून मंचरास जाण्याचा योग आला, तेव्हा वाट वाकडी करून मी महाळुंग्यास गेलो. काठावरच्या बाभळीखाली उभे राहून दुर्बीण लावली. खूण म्हणून ध्यानात ठेवलेला काळा धोंडा सापडला. त्याच्यापुढची खळगी रिकामी होती. अंडी फुटून पिले बाहेर पडली असतील, तर ती त्याच दिवशी खळगी सोडून गोट्यांत पांगतात व चाहूल लागताच जमिनीस चिकटून निपचित पडतात. कावळ्याने किंवा मुंगसाने डाव साधला असेल, अथवा माझ्या त्या एका तासाने अंडी निर्जीव केली असतील, तरीही खळगी अशीच दिसेल. पाण्याच्या कडेस चिखल्यांची जोडी होती. मी दिसताच नराने "पिऊ" असा सूर काढला आणि मान झटकली. तो कोणासाठी ओरडत होता? पात्रात उतरून गोटे तपासले असते, तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

"उतरायचं का खाली?" अण्णांनी विचारले.

"नको," मी म्हणालो, आणि आम्ही घराकडे वळलो.

मागे त्या पाण्याने भिजलेल्या पोटाच्या मादीचे जे छायाचित्र घेतले होते, ते रेखीव उतरले आहे. डोळ्यातला सूर्याचा ठिपकाही त्यात आहे. ते मी कोणास दाखवीत नाही. माजघरात टांगलेल्या टिलव्यापुढे मात्र काकू अधूनमधून उभ्या राहतात. परवा त्यांनी विचारले, "एवढ्या जवळ कसा रे गेलास तू?"

मी म्हणालो, "मी नाही गेलो, काकू. तोच आला."